गाडी येते, बाकीचं जर्मनीतच राहतं

गेल्या दिवाळीत कोल्हापूरहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. रस्त्यांची आणि छोट्या पुलांची कंत्राटं घेतो, आणि गेली काही वर्षं त्याचं बरं चाललंय. फराळाची चौकशी झाली, हवामान झालं, आणि मग स्वारी मुद्द्यावर आली.

"जी-वॅगन घ्यायची म्हणतोय. ती एएमजीवाली, जी-६३. तू तिकडंच हाईस, गाड्यांतलाच हाईस. सांग बघू, घेऊ का नको?"

पुढची चाळीस मिनिटं मी बोललो. शेवटी तो म्हणाला, "म्हंजे घेऊ नको म्हणतोस व्हय? एवढी जर्मन गाडी?" आणि मागून त्याच्या चिरंजीवांचा, रोहनचा आवाज आला, "पप्पा, काकाला काय कळतंय, तो फॅबिया चालवतो!"

रोहन एकोणीस वर्षांचा आहे. फॅबियाबद्दल तो म्हणाला ते खरं आहे. माझी स्कोडा फॅबिया अकरा वर्षांची आहे आणि आठवड्यातले चार दिवस ती घरासमोर उभी असते, कारण मी ट्रामने कामावर जातो. पण काकाला काय कळतं ह्याचं उत्तर देणं भाग आहे. काकाची डॉक्टरेट ओल्या रस्त्यावर टायरचं रबर किती पकडतं ह्या विषयावर आहे. त्यासाठी कार्ल्सरुहमध्ये साडेचार वर्षं एका मोठ्या फिरत्या ड्रमसमोर उभं राहून काढली आहेत, आणि अजूनही पोट त्यावरच भरतं. तेव्हा मत्सराचा आरोप मान्य, अज्ञानाचा नाही.

दादाला फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो. कारण असं विचारणारा दादा एकटा नाही. पुण्याचा एक शाळूसोबती, नाशिकचे एक दूरचे काका, सगळे हाच प्रश्न विचारतात, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच मंत्र असतो: जर्मन इंजिनिअरिंग. एकदा तो म्हटला की पुढचं सगळं आपोआप सुरक्षित होतं अशी काहीतरी श्रद्धा आहे.

आधी गाडीचं जे देणं आहे ते देऊन टाकू. जी-वॅगन ही गाडी खोटी नाही. तिचा जन्म कष्टाच्या कामासाठी झाला. डाइमलर-बेंझ आणि ऑस्ट्रियाची स्टायर-डाइमलर-पुख ह्या कंपन्यांनी सत्तरच्या दशकात मिळून ती आखली. इराणच्या शहाने त्या काळी डाइमलरमध्ये पैसे गुंतवले होते आणि त्याला आपल्या सैन्यासाठी अशी गाडी हवी होती असं सांगतात. १९७९ साली गाडी तयार झाली आणि त्याच वर्षी शहाचं राज्य गेलं, त्यामुळे ते गिऱ्हाईक हुकलं. मग अर्जेंटिनाच्या सैन्याने घेतली, पुढे जर्मन सैन्यानेही घेतली. आजही ती जर्मनीत बनत नाही बरं का, ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात बनते. शेजारीच शोक्ल नावाचा १४४५ मीटर उंचीचा डोंगर आहे, त्याच्या दगडधोंड्यांच्या वाटेवर ती तपासली जाते. जर्मन आहे ते इंजिन: आफाल्टरबाख नावाच्या गावात एएमजीचा कारखाना आहे, तिथे एक माणूस एक इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडतो आणि त्यावर आपल्या सहीची पट्टी लावतो. हे मला मनापासून आवडतं.

गाडीचं खरं मर्म तिच्या तीन डिफरन्शियल लॉकमध्ये आहे. डिफरन्शियल म्हणजे काय? वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं, आतलं कमी, म्हणून दोन चाकांमध्ये बसवलेली दातेरी चाकांची पेटी. रस्त्यावर ती वरदान आहे, चिखलात शाप. बैलजोडीचं उदाहरण घ्या. डिफरन्शियलचा नियम असा, की एक बैल जेवढा जोर लावू शकतो तेवढाच दुसऱ्यानेही लावायचा, जास्त नाही. एकाचे पाय चिखलात सुटले की त्याचा जोर शून्य, म्हणून कोरड्यात उभ्या असलेल्या दुसऱ्याचाही शून्य. गाडी जागेवर. लॉक लावला की दोघे एकाच जुवाला जखडले जातात आणि ज्याच्या पायाखाली जमीन आहे तो गाडा ओढतो. जी-वॅगनमध्ये हे लॉक पुढे, मागे आणि मध्ये असे तीन आहेत. चारांपैकी एका चाकाखाली जरी पकड असली तरी ती निघते. हे अस्सल आहे, उगाच बिल्ला लावलेला नाही.

पण ते पायाखालची जमीन म्हणालो ना, ती टायरने पकडायची असते, आणि इथून माझा धंदा सुरू होतो.

जी-६३ चं २०१८ सालचं जे मॉडेल आलं त्यात चार लिटरचं आठ सिलिंडरचं, दोन टर्बोचं, ५८५ अश्वशक्तीचं इंजिन आहे. शून्य ते शंभर साडेचार सेकंदांत. कमाल वेग ताशी २२०, जादा पैसे भरले तर २४०. ह्या वेगाला टिकणारं टायर कसं असतं? रुंद, बुटकं, कडक बाजूंचं. चिखलाला आणि दगडाला कसं लागतं? उंच, मऊ बाजूंचं, खोल खाचांचं, हवा कमी केली की पसरणारं. ही दोन टायरं एकमेकांची वैरी आहेत. लोक हौसेने २२ इंची रिम घेतात, त्यावर २९५/४० चं टायर येतं. म्हणजे रिम आणि रस्ता ह्यांच्यामध्ये रबराची भिंत किती? २९५ च्या ४० टक्के: जेमतेम बारा सेंटिमीटर. आंबोली घाटातला पावसाळी खड्डा डोळ्यांसमोर आणा आणि मग ती अडीच टनांची गाडी त्यात ताशी साठने उतरवा. तीन लॉकांचा काय उपयोग? टायर फुटलं, रिम वाकली, लॉक शाबूत.

उलट, खरं जंगली टायर लावलं तर वेग सोडावा लागतो. इथे थंडीत आम्ही विंटर टायर लावतो. त्याची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असेल, समजा १६०, तर तसा आकडा लिहिलेली चिकटपट्टी चालकाच्या नजरेसमोर लावावी लागते. कायदाच आहे. पाचशे-सहाशे अश्वशक्तीच्या गाडीत, चामड्याने मढवलेल्या डॅशबोर्डवर, '१६०' लिहिलेलं ते स्वस्तातलं स्टिकर बघून मला दरवेळी हसू येतं. ह्या गाडीबद्दल दोन वाक्यांत सांगायचं तर ते स्टिकर पुरेसं आहे. वेगही घेतला, डोंगरही घेतला, आणि एका वेळी दोन्हींपैकी एकच मिळतं.

बरं, डोंगर तरी मिळतो का? जर्मनीत नाही. इथे जंगलात गाडी घालायला बंदी आहे, जंगलरस्त्यावरसुद्धा परवानगीशिवाय नाही. ज्यांना हौस असते ते तिकीट काढून खासगी मैदानावर जातात. बव्हेरियात लांगेनआल्टहाइमला एका दगडखाणीच्या जागेवर असं मैदान आहे. मी एकदा सहकाऱ्याबरोबर गेलो होतो. जुन्या लँडरोव्हर, सुझुकी, गंजलेली एक लाडा निवा, दोन म्हाताऱ्या जी-वॅगन (ऐंशीच्या दशकातल्या, डिझेलवर खोकणाऱ्या), आणि चिखलाने माखलेली आनंदी माणसं. दिवसभरात एएमजी एकही नाही. ती मला स्टुटगार्टला दागिन्यांच्या दुकानांसमोर दिसते.

आता वेगाकडे येऊ. गाडीचा आकार विटेसारखा. हवेला छेदण्याचा गुणांक ०.५४ च्या आसपास, समोरचा पसारा जवळपास तीन चौरस मीटर. चांगल्या सेडानचा गुणांक ह्याच्या निम्म्याहून कमी आणि पसाराही लहान. कागदावर हिशोब मांडला तर ताशी १३० ला नुसती हवा ढकलायलाच ह्या गाडीला सुमारे ६० अश्वशक्ती लागते, सेडानला वीसेक. २२० ला जवळजवळ ३००. ह्याला इंजिनिअरिंग म्हणायचं तर म्हणा. भिंत पळवायची असेल तर मोठं इंजिन लागतं, एवढंच त्यातलं शास्त्र. २०२४ मध्ये सुधारलेल्या मॉडेलचा कंपनीने जाहीर केलेला पेट्रोलचा खप शंभर किलोमीटरला १५ लिटरच्या आसपास आहे. आपल्या भाषेत लिटरला साडेसहा. तेही नियमाप्रमाणे मोजलेलं, रोहनप्रमाणे नव्हे. शिवाय ह्या इंजिनाला ९८ ऑक्टेनचं पेट्रोल हवं असतं, ते इथे पंपावर वेगळ्या नळीने मिळतं. कोल्हापुरात शोधावं लागेल आणि गगनबावड्याला विसरावं लागेल.

आणि वजन. २५६० किलो, चालक धरून. साडेसातशे किलोची आल्टो ताशी ८० ने जाते तेव्हा तिच्यात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या साडेतेरापट ऊर्जा ही गाडी १६० ने जाताना घेऊन जात असते. ब्रेक उत्तम आहेत, पण ब्रेक चाक थांबवतात. गाडी थांबवतं ते टायर. चार टायरांचे मिळून जमिनीला टेकलेले चार तुकडे, एकेक साधारण तळहाताएवढा किंवा जरा मोठा. त्यावर ती सगळी ऊर्जा उतरवायची. ओल्या रस्त्यावर, डांबर पुसलेल्या गुळगुळीत वळणावर, वर वाळू सांडलेली. मी माझ्या ड्रमवर ह्याचे आलेख काढतो, ते घसरत खाली जातात.

मग जर्मनीत हे सगळं कसं चालतं? इथे तर ऑटोबानच्या सुमारे ७० टक्के लांबीवर कायमची वेगमर्यादाच नाही! दादाचाही हाच युक्तिवाद होता: "तुमच्याकडं तर दोनशेनं पळवत्यात, काय हुतंय?"

काय होतं ते आकड्यांत सांगतो. २०२३ साली अख्ख्या जर्मनीत रस्त्यावर २,८३९ माणसं मेली. त्याच वर्षी एकट्या महाराष्ट्रात १५ हजारांहून जास्त. जर्मनीची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या घरात आहे. आपली त्याच्या दीडपट धरली, तरी आपण जवळपास साडेतीनपट दराने मरतो आहोत. आणि जर्मन माणूस काही जन्मजात सद्गुणी नाही. तोही हॉर्न वाजवतो, शिव्या देतो, मागून दिवे मारतो. फरक गाडीत नाही, गाडीच्या भोवती जे आहे त्यात आहे.

त्या भोवतीच्या गोष्टींची माझी ओळख फार खर्चिक झाली. आपलं भारतीय लायसन्स इथे सहा महिने चालतं, मग कागद होतं. पुन्हा लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. पुण्यात दहा वर्षं स्कूटर आणि चार वर्षं मारुती चालवलेला मी, मोठ्या तोऱ्यात गेलो. शिक्षकाने पहिल्याच तासाला सांगितलं, "तुम्हाला गाडी चालवता येते. रहदारीत राहता येत नाही." पहिल्या परीक्षेत नापास. कारण काय? उजवीकडे वळताना आरसा बघितला, पण मान वळवून खांद्यावरून बघितलं नाही. सायकलवाला तिथे नव्हताच! परीक्षक म्हणाला, "आज नव्हता." सगळं मिळून दोन हजारांवर युरो आणि पाच महिने गेले. त्या 'आज नव्हता'चा मला फार राग आला होता. पुढच्या वर्षी त्याच वळणावर सायकलवाली आली, मान आपोआप वळली होती.

असल्या गोष्टी गाडीबरोबर येत नाहीत. नवीन गाडीची तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणी, ज्यात सस्पेन्शनपासून टायरच्या खाचांपर्यंत सगळं बघतात. नवख्या चालकाला दोन वर्षं परिविक्षा, त्यात दारूचा एक थेंब चालत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराच्या नावे जी-६३ चा विमा मागायला गेलात तर जो आकडा येतो तो ऐकून बाप दुसऱ्या दिवशी पोराला सायकल घेऊन देतो. ऑटोबानवर १३० ही 'शिफारस' आहे, सक्ती नाही. पण १९९२ साली इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवून दिलंय, की त्यावर गेलात आणि अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असली तरी भरपाईचा काही वाटा सहसा तुमच्याही गळ्यात. २०१७ पासून रस्त्यावरची शर्यत हा फौजदारी गुन्हा आहे, एकट्याने बेफाम पळवली तरीही, आणि गाडी जप्त होऊ शकते.

त्याआधीचं एक प्रकरण. फेब्रुवारी २०१६, बर्लिनचा कुडाम रस्ता, मध्यरात्र. दोन तरुण शर्यत लावून सिग्नलमागून सिग्नल तोडत गेले, ताशी १६० च्या आसपास. हिरव्या सिग्नलवर नियमाने निघालेल्या एका ६९ वर्षांच्या गृहस्थाला धडक बसली, ते जागीच गेले. न्यायालयाने ह्याला खून ठरवला. मध्ये निकाल रद्द झाला, पुन्हा खटला चालला, आणि २०२० साली धडक देणाऱ्याची खुनाची शिक्षा कायम झाली. ते गृहस्थ कशात बसले होते माहीत आहे? जीपमध्ये. "दणकट गाडीत आपण वाचतो" म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

जर्मनीची आरती ओवाळतोय असं वाटायला नको, म्हणून हेही सांगतो. इथे नव्या गाड्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश कंपन्यांच्या नावावर नोंदल्या जातात आणि करसवलतीच्या जोरावर असली धुडं पोसली जातात. जी-६३ चा वार्षिक रस्ताकर मी हिशोब करून बघितला, नऊशे-साडेनऊशे युरोच्या आसपास येतो. जो माणूस गाडीला दोन लाख युरो मोजायला तयार आहे त्याला हे म्हणजे पानसुपारी. सप्टेंबर २०१९ मध्ये बर्लिनच्या इनव्हालिडेनश्ट्रासवर एक पोर्शे एसयूव्ही फुटपाथवर घुसली आणि चार माणसं मेली, त्यात तीन वर्षांचा मुलगा आणि त्याची आजी. चालकाला अपस्माराचा झटका आला होता, त्याने गाडी चालवायलाच नको होती. पण त्यानंतर देशभर प्रश्न विचारला गेला तो गाडीबद्दल: शहरात हे हवंय कशाला? ट्युबिंगेन शहराने जड गाड्यांना रहिवासी पार्किंगचं शुल्क वाढवून वर्षाला १८० युरो केलं, हलक्यांना १२०. पॅरिसने २०२४ मध्ये मतदान घेऊन बाहेरच्या जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट केलं. म्हणजे जिथून ही गाडी येते तिथेच ती आता नकोशी होत चालली आहे, आणि आपण ती पेढे वाटून घरी आणतोय.

युरो एनकॅपने २०१९ साली जी-क्लासला पाच तारे दिले, हेही खरं. मुख्यतः आत बसलेल्यांसाठी. बाहेरच्यांचं काय? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संशोधनसंस्थेने २०२३ मध्ये दाखवलं, की बॉनेट मीटरभराहून उंच असेल तर, बुटक्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत, धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. साधी गोष्ट आहे. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीला लागते आणि माणूस खाली जातो. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरणारी माणसं, शाळेतून सुटलेली पोरं, दुचाकीवर तिघं. त्यांच्यासाठी तारे नाहीत.

आणि आपल्याकडे ह्या गाडीला अडवणारं काय आहे? किंमत, एवढंच. २०१८ मध्ये भारतात ती २ कोटी १९ लाखांना आली. तेव्हा जर्मनीत तिची किंमत १९ टक्के करासकट सुमारे १ लाख ४८ हजार युरो होती, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वा कोटीच्या आसपास. वरचं जवळजवळ एक कोटी आयातशुल्क आणि करांचं. २०२४ च्या ऑक्टोबरात नवं मॉडेल ३ कोटी ६० लाखांना आलं. पण पैसे मोजले की पुढे काही नाही. लायसन्स आल्टोचं तेच ह्याचं. थर्ड पार्टी विम्याचा २०२२ साली ठरलेला दर १५०० सीसीवरच्या सगळ्या खासगी गाड्यांना सरसकट ७,८९७ रुपये होता. गावच्या सरपंचांची जुनी बोलेरो आणि ५८५ घोड्यांची जी-६३, दुसऱ्याला मारण्याची शक्यता सरकारदरबारी सारखीच.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला काय झालं ते पुण्यातल्या कुणाला सांगायला नको. गाडी एसयूव्ही नव्हती, विजेवरची पोर्शे होती, पण तीही जर्मनच. चालवणारा सतरा वर्षांचा. दुचाकीवरचे दोघे तरुण इंजिनिअर, चोविशीतले. गाडीची कायम नोंदणी झालेली नव्हती, १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. त्या बातमीचा मी इथल्या जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना अनुवाद करून सांगितला. कुणीच काही बोललं नाही, मग एकाने विचारलं, "त्या गाडीला रस्त्यावर येऊ कुणी दिलं?" गाडी त्यांच्यासारख्यांनीच बनवलेली, माझ्यासारख्यांनीच तपासलेली. प्रश्न मात्र त्याने बरोबर विचारला.

दादाचं शेवटचं हत्यार होतं महापूर. "२०१९ ला शिरोलीला हायवे बंद हुता. ही पाण्यातनं जाती." कंपनी सांगते ७० सेंटिमीटर पाण्यातून जाते, बरोबर आहे. पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा आहे, पंचगंगेचा नाही. गाडीचा तळ साधारण साडेआठ चौरस मीटर. दारं घट्ट बंद असतील तर तळाच्या वर तीस सेंटिमीटर पाणी चढलं की अडीच टन उचलायला ते पुरतं. तळ जमिनीपासून चोवीस सेंटिमीटर. बेरीज कर, चोपन्न. आत पाणी झिरपतं म्हणून प्रत्यक्षात ती लगेच तरंगत नाही, पण चाकांवरचा भार जातो. भार गेला की पकड गेली, आणि पाणी वाहतं असेल तर लॉक तीन असोत की तेरा. शिरोलीला त्या दिवसांत बोटी चालत होत्या, दादा, आणि तू स्वतः बोटीतून आला होतास.

आता गंमत ऐका. हाच ७० सेंटिमीटरचा आकडा आणखी एका गाडीचा आहे, आणि ती आपल्या आकुर्डीच्या कंपनीची आहे. फोर्सची गुरखा. जमिनीपासून २३३ मिलिमीटर उंच, पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक, आणि २.६ लिटरचं डिझेल इंजिन, ज्याचं मूळ मर्सिडीजच्याच घराण्यातलं. तीन दरवाज्यांची गुरखा २०२४ मध्ये १६ लाख ७५ हजारांना आली. जी-६३ च्या पैशात एकवीस येतील. दिसायलाही इतकी सारखी की लोक तिला गरिबांची जी-वॅगन म्हणतात. २०२५ मध्ये आपल्या सैन्याने तीन हजारांच्या जवळपास गुरखा मागवल्या. तिची बांधणी काही ग्रात्सची नाही, आतला आवाज आणि प्लॅस्टिक बघून रोहन नाक मुरडेल, ते ठीकच. पण ती डोंगरातली गाडी आहे आणि ताशी २२० चा आव आणत नाही.

ह्या कंपनीचं जुनं नाव बजाज टेम्पो. १९५८ साली सुरू झाली तेव्हा हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने ती तीनचाकी बनवायची. त्यावरून आपण मालवाहू गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणायला लागलो, इतकं की तो मराठी शब्दच झाला. इथे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, कारण हॅम्बुर्गची ती कंपनी केव्हाच संपली. जर्मन इंजिनिअरिंग आपल्याकडे आलं होतं ते असं: भाजी, विटा, गणपतीच्या मूर्ती आणि लग्नाचं वऱ्हाड वाहणारं, आपल्या रस्त्यांना बेतलेलं, गावच्या मेस्त्रीला खोलता येणारं. त्याचा कुणी फोटो काढून पाठवत नाही.

एवढं सांगूनही दादा घेणारच असेल (मी त्याला ओळखतो), तर निदान हे कर. मोठ्या रिमचा मोह टाळ, २० इंचीच घे. टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे बघ, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. जहाजातून आणि गोदामातून आलेली जुनी टायरं नवीन गाडीवर स्वीकारू नकोस. मागच्या दारावरच्या त्या चकचकीत डब्यात खरंच चाक आहे का, उघडून बघ. बंद मैदानावर कुणा जाणत्या माणसाबरोबर ओल्या जमिनीवर दोन दिवस ब्रेक मारून बघ, म्हणजे आपल्याला काय येत नाही ते कळेल. आणि किल्ली रोहनच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेव. पाच वर्षं तरी. तो वाईट मुलगा नाही. मीही एकोणीसचा असताना वाईट नव्हतो, आणि तुझीच राजदूत मी पन्हाळ्याच्या वळणावर घातली होती. ती राजदूत होती म्हणून आज हे लिहितोय.

परवा दादाचा मेसेज आला. गाडीबद्दल अवाक्षर नाही. रोहनला जर्मनीत शिकायला पाठवायचा विचार आहे, कुठलं विद्यापीठ चांगलं, खर्च किती, जर्मन भाषेचा क्लास आधी लावावा का, असं बरंच काही विचारलंय. खाली एक फोटो. कुठल्याशा शोरूममध्ये रोहन जी-६३ च्या स्टिअरिंगमागे बसलाय, दोन्ही हात वर केलेत, आणि दादा दारात उभा राहून हसतोय.

विद्यापीठांची यादी मी पाठवली. फोटोला अजून उत्तर दिलेलं नाही.